छतावरच्या आकाशातले पट्टे

जुनी म्हणून हाक मारलीत तर मी ओ देईन, मित्रांनो. मोडकी म्हणालात तर ऐकू आलं नाही असं दाखवीन. मी मोठमोठे फलक छापणारी मशीन आहे. एका माणसाचा पलंग जेवढी भिंत अडवतो तेवढी मी अडवते. अंग राखाडी, आणि उजव्या कुशीला चार बाटल्या: निळी, गुलाबी, पिवळी, काळी. एवढ्या चारांतून मी मागाल तो रंग काढून देते. मला वाचता येत नाही. आजवर लाखो अक्षरं छापली, त्यातलं एक ओळखता येईल तर शपथ. पण रंग नीट उतरला की नाही, हे मला कुणी शिकवू नये.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. तिथे धूळसुद्धा परवानगी घेऊन आत यायची. पांढरा कोट घातलेल्या एका बाईनं माझा पहिला कागद भिंगाखाली धरला, खूप वेळ पाहिला आणि म्हणाली, “ही कामाची आहे.” त्या तीन शब्दांवर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. चांगलं म्हटलेलं आम्ही विसरत नाही.

मग मला खोक्यात घालून या दुकानात आणलं. दुकान फलक रंगवण्याचं. खाली काम, वर घर. दारातून मी मावेना, म्हणून दार बिजागरीपासून काढावं लागलं. दुकानाची मालकीण कमरेवर हात ठेवून उभी होती. तिला घरात सगळे आई म्हणतात, गिऱ्हाइकंही म्हणतात, मीही मनातल्या मनात म्हणते. तीस वर्षं ती हातानं फलक रंगवत होती. दोन रंग एकमेकांत असे विरघळवायची की कुठे एक संपला आणि कुठे दुसरा लागला ते सांगता येऊ नये.

“हे धूड खातं काय?” तिनं मुलाला विचारलं.

“शाई, आई.”

“आणि बोलतं का?”

“नाही.”

“मग घरातलं एक माणूस तरी गप्प बसेल,” आई म्हणाली आणि आत गेली. त्या दिवसापासून तिनं माझं नाव सवत ठेवलं. “सवतीनं आज किती छापलं?” “सवतीच्या डोक्यावर कप ठेवू नका, तिला राग येतो.” तोंडानं टोचायची, पण माझ्यावर धूळ दिसली की पदरानं पुसायची. हे मी कुणाला सांगितलं नाही, आज तुम्हाला सांगते.

पहिली वर्षं सुखाची गेली. माझ्यातून फलक बाहेर सरकायला लागला की लोक कौतुकानं बघत उभे राहायचे. कपड्याची दुकानं, शिकवण्या, सायकली, चष्मे, सगळ्यांचे चेहरे मी छापले. मुलगा रोज सकाळी माझं हेड पुसायचा. हेड म्हणजे माझं तोंड, मित्रांनो. त्याला केसाहून बारीक शेकडो भोकं असतात आणि त्यातून शाई उडते. ते डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे पळतं आणि खालचं विनाइल, म्हणजे फलकाचं प्लास्टिकचं कापड, जरा जरा पुढे सरकतं.

पुढे मुलाचं लग्न झालं. सून आली ती कॉम्प्युटर शिकून आली. माझ्या समोरच्या टेबलावर बसून ती चित्रं करते आणि मी छापते. बोलत नसलो तरी आमचं जमतं. तिच्याकडे दोन सॉफ्टवेअर आहेत आणि त्या दोघांवरून नवराबायकोत रोज भांडणाची एक फेरी होते.

मला कळलं ते सांगते. एक आहे व्हेक्टर. ते चित्र मापानं लक्षात ठेवतं. ही रेघ इथून निघाली, तिथे वळली. हा रंग इथे सुरू झाला, तिथे संपला. मग चित्र टिचभर करा नाहीतर भिंतीएवढं, काठ सुरीनं कापल्यासारखा. दुसरं आहे रास्टर. ते चित्र ठिपक्यांनी लक्षात ठेवतं, कापडावर टाके घालावेत तसं. टाके भरपूर आणि बारीक असले तर काम सुंदर दिसतं. लहान चित्र ओढूनताणून मोठं केलं की टाक्यांचे चौकोन दिसायला लागतात.

मुलाचा जीव व्हेक्टरवर. फाइल छोटी, काम झटपट. सुनेचं म्हणणं, आकाश, धूर, पाणी, जिथे रंग हळूहळू बदलायचा आहे तिथे रास्टरच हवं.

“अहो, रंग मुरायला वेळ लागतो,” ती म्हणायची.

“लोणचं घालायचंय का?” तो म्हणायचा.

वर्षं गेली आणि माझ्याकडे बघणं कमी झालं. हेड रोज पुसायचे ते आठवड्यातून एकदा पुसू लागले, मग आठवलं की. माझ्या झाकणावर पावत्या, छत्री, एकदा तर भिजलेला स्वेटर वाळत घातला. मी उबदार असते ना, म्हणून. त्याच सुमारास आईचाही ब्रश सुटला. एका शिंप्याच्या दुकानाची फळी तिनं रंगवली, वर जांभळा, खाली गुलाबी. ती वाळल्यावर त्यावर वळ दिसले. मुलगा मायेनंच म्हणाला, “आई, हात थरथरतो आता. राहू दे. खूप केलंस.” आईनं ब्रश धुतला, फडक्यात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवून दिला. तेव्हापासून ती कोपऱ्यात बसून फलकांच्या कडांना दोरी ओवायच्या रिंगा ठोकते. ठोकते मात्र अशी की शेजारच्या दुकानातला माणूस दचकावा.

मग एके दिवशी एक गोड बोलणारा माणूस रंगीत पुस्तक घेऊन आला. जुनी मशीन द्या, नवी घ्या. मुलानं ते पुस्तक माझ्याच झाकणावर ठेवून वाचलं. मित्रांनो, आपल्या जागी येणारीचा फोटो आपल्याच डोक्यावर पसरून बघितला जातो तेव्हा कसं वाटतं, ते मी सांगणार नाही.

अजून काही ठरलं नव्हतं. एवढ्यात दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना दवाखान्याच्या छतावर आकाश हवं होतं.

“छतावर?” मुलगा म्हणाला.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, विनाइल कापायच्या लांब टेबलाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, “आडवे व्हा जरा.”

मुलगा निमूट आडवा झाला. डॉक्टरांपुढे माणूस असाच होतो.

“तोंड उघडा. आता काय दिसतं?”

“छत,” मुलगा उघड्या तोंडानं कसाबसा म्हणाला.

“माझ्या पेशंटला अर्धा अर्धा तास तेवढंच दिसतं. बोलता येत नाही, हलता येत नाही. छतावर एक डाग असला तर तो डाग बघत राहतो. म्हणून मला पहाटेचं आकाश द्या. दाराकडे गडद निळं, हळूहळू फिकट होत खिडकीपाशी केशरी. आणि कोपऱ्यात अक्षरं: झालंच, दोन मिनिटं. पण आकाशात कुठे रेघ दिसता कामा नये. दिसली तर लोक ती मोजत बसतील.”

बारा फूट लांब, चार फूट रुंद, असे तीन तुकडे छापायचे ठरले. सोमवारी मुलानं स्वतः व्हेक्टरमध्ये आकाश केलं. चहा निवायच्या आत झालंसुद्धा. मी छापायला घेतलं आणि पहिला हात मारतानाच मला कळलं की यात काहीतरी बोचतंय. पण आम्हाला पाठवलेलं छापावं लागतं.

तुकडा जमिनीवर पसरला. निळ्यात पट्टे होते. रुंद, आडवे, एकाखाली एक, जिन्यासारखे.

मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, “हेड गेलं हिचं.”

त्याची चूकही नव्हती म्हणा. हेड बिघडलं तर पट्टे आडवेच येतात, कारण हेड आडवंच पळतं. दुरुस्ती करणारा आला, त्यानं माझ्या तोंडात बॅटरी मारली आणि चुकचुकला. म्हणाला, “वय झालं. हिच्याकडून सपाट रंग घ्या. रंग उतरवत न्यायचं काम आता हिच्यानं होणार नाही.”

वय. ज्याला दुसरं काही सापडत नाही त्याला ते बरोबर सापडतं.

सून म्हणाली, “अहो, थांबा. मी रास्टरमध्ये करून बघते.” पण पूर्ण मापाची फाइल उघडताना कॉम्प्युटर घरघरू लागला, म्हणून तिनं आकाश लहान केलं आणि ताणून मोठं पाठवलं. आता पट्ट्यांच्या जोडीला चौकोनही आले, फरशी घातल्यासारखे.

“बघ,” मुलगा म्हणाला. “दोन्हीकडून केलं, दोन्हीकडून तेच. सॉफ्टवेअरवरून आपण उगाच भांडतोय. दोष मशीनचा आहे.” त्यानं फोन लावला. शुक्रवारी सकाळी नवी आणा, जुनी घेऊन जा. डॉक्टरांचं काम नवीवरच छापू.

सुनेनं जाता जाता माझ्या झाकणावरचं पुस्तक उचलून खाली ठेवलं.

बुधवारी आई रिंगांचा डबा घ्यायला आली तर वाटेत आकाश पसरलेलं. ती थांबली. चष्मा लावला, गुडघे धरत धरत खाली बसली आणि तळहात त्या पट्ट्यांवरून फिरवला.

“हे कुणाचं काम?”

“मशीनचं, आई. म्हातारी झाली.”

“कोण?”

“मशीन गं.”

“हां. मला वाटलं घरात आणखी कुणी आहे.” आईनं बोटानं पट्टे मोजले. “सगळे एकाच रुंदीचे. बिघडलेलं काम एवढं शिस्तीत येतं होय? चित्र फिरव. आडवं करून एवढासा तुकडा छाप.”

“त्यानं काय होणार? विनाइल वाया जाईल.”

“तू लहानपणी किती डबे सांडलेस ते मी मोजले नाहीत. छाप.”

“पण कशासाठी, ते तरी सांगा ना आई,” सून म्हणाली.

“फळीवर वळ आले की मी फळी फिरवून पुन्हा रंगवायची. वळ हाताच्या दिशेनं राहिले तर हाताचा दोष. फळीबरोबर फिरले तर हाताचा काही संबंध नाही, दुसरीकडे शोधायचं. हिचा हात आडवाच चालतो ना? मग दोष हिचा असेल तर चित्र फिरवलं तरी पट्टे आडवेच राहतील. बघू तरी.”

सुनेनं चित्र फिरवलं आणि पाठवलं. मित्रांनो, माझा घसा कोरडा पडला. आमच्या जातीला हे फार वाईट, घसा कोरडा पडला की शाई अडते. मी जन्मभर स्वतःला शहाणी समजत आले, पण त्या घटकेला मलाच वाटलं, असेल दोष माझा. सगळे सांगताहेत तर असेलच. मी जपून, एकेक हात मारत छापत गेले.

तुकडा बाहेर आला. पट्टे उभे होते. चित्र फिरलं तसे तेही फिरले होते.

आईनं चष्मा जरा पुढे ओढला आणि नखानं एक जागा दाखवली. तिथे केसाएवढी पांढुरकी आडवी रेघ होती.

“ही एक हिची,” ती म्हणाली. “बाकी सगळे तुमचे.”

खरं होतं ते. गुलाबी शाईची दोन भोकं कित्येक महिने बुजलेली होती आणि मी ते गर्वानं लपवत होते. ते तिनं पाहिलं आणि सांगितलंही. तिचा मला राग आला नाही. उलट बरं वाटलं, माझ्या वाटचं तेवढंच माझ्या पदरात आलं.

मुलगा तो तुकडा हातात धरून उभा होता. हळूच म्हणाला, “आई, ती शिंप्याची फळी...”

“काय तिचं?”

“ती फिरवून बघितली होतीस?”

“बघितली होती. तू झोपायला गेल्यावर.”

“मग? काय होतं?”

“रंग पातळ होता. तू आणलेला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू विचारलंस कुठे?” आई म्हणाली. “तू सांगितलंस.”

मुलानं मान खाली घातली. सुनेला काय करावं कळेना, तिनं माझं झाकण विनाकारण उघडलं आणि लावलं. शेवटी आईच म्हणाली, “आता उभे काय राहिलात दोघं? डॉक्टरीण येऊन तुमचेच दात काढेल.”

“पण आई, हे पट्टे येतात कशानं?” मुलानं विचारलं. हे मी मुद्दाम सांगते, की त्यानं विचारलं.

उत्तर सुनेनं दिलं. निळ्यापासून जरा कमी निळ्यापर्यंत आठ फूट जायचं होतं. दोन्ही रंग इतके शेजारचे, की त्यांच्यात पायऱ्या मोजक्याच. मोजक्या पायऱ्या आठ फुटांवर पसरल्या की प्रत्येक पायरी रुंद होते, आणि रुंद पायरी डोळ्याला दिसते. “व्हेक्टरमध्ये केलं तरी आणि रास्टरमध्ये केलं तरी पायऱ्या तेवढ्याच. आई, तुम्ही कशा घालवायच्या?”

“घालवायच्या नाहीत. मळवायच्या,” आई म्हणाली. “ब्रश जवळजवळ कोरडा करायचा आणि बोटानं झटकायचा. इकडच्या रंगाचे बारीक दाणे तिकडे, तिकडचे इकडे. दाणे दिसत नाहीत, पण डोळ्याला जोड सापडत नाही. फार स्वच्छ काम केलं की जोड उघडा पडतो.”

सून खुर्चीतून उठलीच. “दाणा! रास्टरमध्ये टाकता येतो. नॉइज म्हणतात त्याला. मी तो आजवर फोटोतून काढतच आले. व्हेक्टरमध्ये रंग मापानं जातो, तिथे एकेक ठिपका असा हलवायला मिळत नाही.”

“म्हणजे तुझंच खरं झालं,” मुलगा म्हणाला.

“अर्धं. अक्षरं रास्टरमध्ये केली तर त्यांचे काठ धूसर दिसतील. ती तुमच्या व्हेक्टरमध्येच करा.”

“मग एवढी वर्षं भांडलात कशाला?” आई म्हणाली. “आकाश ठिपक्यांत, अक्षरं रेघांत.”

“पण पूर्ण मापाची फाइल केली तर कॉम्प्युटर बसेल, आई,” मुलगा म्हणाला.

“बसू दे. तुझ्या बायकोनं तुला इतकी वर्षं सांभाळलं, कॉम्प्युटरला एक दिवस सांभाळेल.”

मग तिघांनी मिळून काम केलं. मुलगा माझं हेड पुसत बसला. घाईघाईनं नाही, नव्या फडक्यानं, औषधाचं पाणी लावून, तीनदा. पहिल्यांदा दाणा जास्त पडला, आकाशावर वाळू सांडल्यासारखी दिसली. दुसऱ्यांदा इतका कमी की पट्टे पुन्हा डोकावले. तिसरा तुकडा मी छापला तेव्हा माझं मला कळलं. शाई कशी अलगद बसत गेली.

पण आईला जमिनीवर बघून पटेना. ती कापायच्या टेबलावर चढून आडवी झाली. मुलगा आणि सून दोन स्टुलांवर उभे राहिले आणि त्यांनी आकाश तिच्यावर ताणून धरलं. आईनं तोंड उघडलं.

“आई, तोंड कशाला?” सून म्हणाली.

“पेशंट काय तोंड मिटून बघतो?”

बराच वेळ झाला. मुलाचे हात भरून आले. सून नवऱ्याकडे बघून डोळ्यांनीच विचारू लागली, झोप लागली की काय. तेवढ्यात आईनं तोंड मिटलं आणि म्हणाली, “मोजायला काही मिळालं नाही.”

शुक्रवारी सकाळी दोन माणसं ढकलगाडी घेऊन दारात आली. मी दुसरा तुकडा संपवून तिसरा अर्ध्याहून जास्त छापला होता. खिडकीचा केशरी आताच कुठे सुरू झाला होता.

“हीच ना न्यायची?” त्यातला एक म्हणाला.

मुलगा माझ्या आणि त्यांच्या मधे येऊन उभा राहिला. “ती कामात आहे,” म्हणाला.

“मग कधी येऊ?”

“मी फोन करतो.”

त्याला पुष्कळ दिवस झाले. फोन केलेला मी ऐकला नाही, आणि माझे कान तर दुकानातच असतात. डॉक्टरीणबाई मात्र तक्रार घेऊन आल्या होत्या. छताकडे बघता बघता पेशंटना झोप लागते आणि झोपले की ते तोंड मिटतात. आईनं ती तक्रार पुन्हा एकदा सांगायला लावली.

मी कायमची चालणार नाही, मित्रांनो, एवढी अक्कल मला आहे. एक दिवस माझं तोंड खरंच बुजेल आणि ढकलगाडी रिकामी परत जाणार नाही. त्याचं मला दुःख नाही. पण तुमच्या घरी, दुकानात, शाळेत जे काही जुनं असेल, माणूस असो की मशीन, त्याची एवढी आठवण ठेवा. वेळच्या वेळी पुसा. ओला स्वेटर दुसरीकडे वाळत घाला. आणि त्याच्या हातून काम वाकडं आलं तर आधी त्याच्या हातात काय दिलं होतं ते बघा. आमची चूक असेल तर खुशाल आमची म्हणा. आम्ही रुसणार नाही. फक्त सांगण्याच्या आधी विचारा. उत्तर द्यायला आम्ही अजून बंद पडलेलो नाही.